टकर कार्लसन यांची फॉक्स न्यूजमधून गच्छंती: सूत्रसंचालक मोठा की आठची वेळ?

विहंगावलोकन (धागाकर्ता)

फॉक्स न्यूज या उजव्या विचारांच्या अमेरिकन वाहिनीने २४ एप्रिल २०२३ च्या सोमवारी सकाळी एक त्रोटक निवेदन काढले आणि रात्री आठच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक टकर कार्लसन व वाहिनी यांनी परस्परसंमतीने वेगळे होण्याचे ठरवले असल्याचे जाहीर केले. त्याआधीच्या शुक्रवारी कार्लसन यांनी पेन्सिल्व्हेनियातील एका पिझ्झा पोचवणाऱ्या तरुणाला कार्यक्रमात बोलावले होते. पोलिसांपासून पळणाऱ्या संशयिताला पाय आडवा घालून पाडल्यामुळे हा तरुण प्रसिद्ध झाला होता. त्याने आणलेला सॉसेज-अननसाचा पिझ्झा दोघांनी कॅमेऱ्यासमोर खाल्ला आणि सोमवारी पुन्हा भेटू असे सांगून कार्लसन यांनी प्रेक्षकांचा निरोप घेतला. संमती खरोखर परस्पर असती, तर निरोपाचा एखादा भाग झाला असता. सरळ सांगायचे तर त्यांना नारळ देण्यात आला.

त्या वेळी त्यांचा प्रेक्षकवर्ग रोजचा सरासरी तीस लाखांच्या आसपास होता आणि २०२० या निवडणुकीच्या वर्षात तो चाळीस लाखांच्याही वर गेला होता. असा माणूस वाहिनीने एका सकाळीत बाजूला केला, तेव्हा वाहिनी आता खचणार असे भाकीत अनेकांनी केले. मला ते तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. केबलवरील राजकीय कार्यक्रमात प्रेक्षक माणसाशी नव्हे, तर वाहिनीशी आणि ठरलेल्या वेळेशी बांधलेला असतो, असे माझे मत आहे.

याच फॉक्सवर संध्याकाळी पाच वाजता ग्लेन बेक यांचा कार्यक्रम धो धो चालत असे. जुलै २००९ मध्ये त्यांनी ओबामा यांना वंशवादी म्हटले, जाहिरातदार पांगू लागले आणि जून २०११ च्या अखेरीस बेक गेले. त्यांच्या जागी वाहिनीने पाच जणांना एका टेबलाभोवती बसवून 'द फाइव्ह' हा कार्यक्रम सुरू केला. त्यातील कोणीही आजारी पडले तरी कार्यक्रम अडत नाही. हाच कार्यक्रम २०२२ मध्ये अमेरिकन केबल बातम्यांतील सर्वाधिक पाहिला गेलेला कार्यक्रम ठरला आणि त्याने कार्लसन यांनाही मागे टाकले. म्हणजे त्यांना काढण्याच्या आदल्या वर्षीच वाहिनीला ठाऊक झाले होते की, पहिल्या क्रमांकासाठी एकाच चेहऱ्यावर अवलंबून राहण्याची गरज नाही.

सभासदांना काय वाटते? विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

एडिसनची काकू

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ एकटे राहतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की त्यांचा टीव्ही आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. आठ वाजता कार्लसन यांचे ते खिदळणे सुरू झाले की मी भाजीला फोडणी घालायला घेत असे, इतकी ती वेळ पक्की होती. त्यांना काढल्यावर हे गृहस्थ कुंपणापाशी मला म्हणाले की, आता फॉक्स बंद म्हणजे बंद. त्यांनी खरोखरच दीड-दोन महिने न्यूजमॅक्स ही दुसरी उजवी वाहिनी लावली. पुढे जुलैमध्ये फॉक्सचेच दुसरे सूत्रसंचालक जेसी वॉटर्स यांना आठची वेळ मिळाली आणि ऑगस्टमध्ये आमच्या खिडकीतून पुन्हा फॉक्सचेच संगीत येऊ लागले. मी त्यांना त्याबद्दल काही विचारले नाही, कारण शेजारधर्म मोठा असतो.

धागाकर्त्याशी सहमत.

तिरकस

त्याच सोमवारी सीएनएननेही आपले सूत्रसंचालक डॉन लेमन यांना घरचा रस्ता दाखवला होता. अमेरिकेत दोन टोकांच्या दोन वाहिन्यांचे एकाच दिवशी एकमत झाल्याचे हे अलीकडच्या काळातील दुर्मीळ उदाहरण आहे.

वकिलीण

या प्रकरणाची कायदेशीर बाजू मांडते, कारण तिच्याशिवाय त्या सोमवारचा अर्थ लागणार नाही.

२०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांद्वारे घोटाळा झाल्याचे खोटे दावे फॉक्सने प्रसारित केले, असा आरोप करून डॉमिनियन या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने डेलावेअर राज्यातील न्यायालयात १६० कोटी डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सलिव्हन निकालापासून असे दावे जिंकणे फार अवघड झाले आहे. विधान खोटे होते एवढे सिद्ध करून भागत नाही. ते खोटे आहे हे प्रसारकाला माहीत होते, किंवा खऱ्याखोट्याची त्याने पर्वाच केली नाही, हेही दाखवावे लागते. आपल्या मनातले कोणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे बहुतेक वादी इथेच अडकतात. फॉक्सच्या मंडळींनी मात्र ते लिहून ठेवले होते. पुरावे सादर करण्याच्या टप्प्यात त्यांचे फोनवरील संदेश व ईमेल डॉमिनियनच्या हाती लागले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांतील बराच भाग जाहीर झाला.

३१ मार्चला न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी लिहिले की, डॉमिनियनविषयीचे एकही विधान खरे नाही हे लख्ख स्पष्ट आहे. त्यातला 'लख्ख' त्यांनी मोठ्या अक्षरांत आणि तिरप्या ठशात छापला होता. ज्युरींची निवड १८ एप्रिलला पूर्ण झाली आणि त्याच दुपारी फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सहाव्या दिवशी कार्लसन गेले. पाठोपाठ स्मार्टमॅटिक या दुसऱ्या कंपनीचा २७० कोटी डॉलरचा दावा उभाच होता.

शंकासुर

वकिलीणबाई, मांडणी उत्तम आहे, पण त्यातून निष्कर्ष निघत नाही. डॉमिनियनने आक्षेप घेतलेल्या वीस प्रसारणांपैकी कार्लसन यांच्या कार्यक्रमाचे केवळ एकच होते. ती २६ जानेवारी २०२१ ची उशांचे व्यापारी माइक लिंडेल यांची मुलाखत होती. बाकीचा भार मुख्यतः लू डॉब्ज, मारिया बार्टिरोमो आणि जनीन पिरो यांच्या कार्यक्रमांवर होता. बार्टिरोमो आणि पिरो यांना वाहिनीने ठेवले आणि कार्लसन यांना काढले, याचा मेळ कसा घालायचा? दंडाचे खापर फोडायचे होते, तर ते चुकीच्या डोक्यावर फुटले असे म्हणावे लागेल.

डॉब्ज यांचे उदाहरण मात्र पाहण्याजोगे आहे. स्मार्टमॅटिकने ४ फेब्रुवारी २०२१ रोजी दावा दाखल केला आणि दुसऱ्याच दिवशी डॉब्ज यांचा कार्यक्रम बंद झाला, तोही फॉक्स बिझनेसवरील सर्वाधिक चालणारा कार्यक्रम असताना.

जुना छापखाना

मी आयुष्याची बरीच वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे शंकासुर यांच्या प्रश्नाकडे मी मालकाच्या केबिनच्या बाजूने पाहतो. फॉक्सने कारण कधीच अधिकृतपणे सांगितले नाही, म्हणून तर्कालाच वाव आहे. कार्लसन यांच्या बाजूने असे सांगण्यात आले की, त्यांना काढणे ही तडजोडीची अट होती. फॉक्स आणि डॉमिनियन या दोघांनीही ते नाकारले.

न्यायालयात उघड झालेले संदेश एकदा पाहावेत. प्रेक्षकांसमोर ट्रम्प यांची बाजू लढवणारा हा माणूस जानेवारी २०२१ मध्ये खासगीत लिहितो की, मला त्यांचा मनापासून तिटकारा आहे. निवडणुकीनंतरच्या आठवड्यात फॉक्सच्याच एका वार्ताहर महिलेने ट्रम्प यांच्या एका दाव्याची तथ्यतपासणी केली, तेव्हा तिला नोकरीवरून काढा, कारण त्यामुळे कंपनीचे नुकसान होत आहे आणि शेअरचा भाव खाली आला आहे, असे ते सहकाऱ्यांना लिहितात. वाहिनीच्या वरिष्ठांविषयी त्यांनी वापरलेली भाषा इथे छापण्यासारखी नाही. शिवाय ७ जानेवारी २०२१ चा एक संदेश होता. एका व्यक्तीला जमावाने मारल्याचे दृश्य पाहून त्यांनी लिहिले होते की, गोरे पुरुष अशी मारामारी करत नाहीत. खटला सुरू होण्याच्या तोंडावर तो कंपनीच्या संचालक मंडळासमोर आला, असे न्यूयॉर्क टाइम्सने मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केले.

मार्च २०२३ मध्ये त्यांच्या कार्यक्रमाच्या एका माजी निर्मातीने कामाच्या ठिकाणच्या स्त्रीद्वेष्ट्या वातावरणाबद्दल खटला भरला होता, जो पुढे जूनअखेर एक कोटी वीस लाख डॉलरला मिटला. हे सगळे एकत्र केले की चित्र दिसते. प्रेक्षकांना काय सांगितले याची किंमत मोजायला मालक तयार असतो, त्याचा हिशेब त्याने आधीच केलेला असतो. आपल्याच माणसाने आपल्याविषयी काय लिहिले, हे परक्या वकिलाने वाचून दाखवले की मात्र त्याचा संयम संपतो.

तिरकस

व्हॅनिटी फेअरने तर असेही छापले होते की, शेवटच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवात कार्लसन यांनी देशासाठी रोज दहा मिनिटे प्रार्थना करा असे जे भाषण केले, ते फॉक्सचे मालक रूपर्ट मर्डॉक यांना रुचले नाही. ऐंशी कोटींचा खटला पचवणाऱ्या माणसाला दहा मिनिटांची प्रार्थना पचली नसेल, तर धन्य आहे.

बोरिवली लोकल

'प्रेक्षकांना काय सांगितले याची किंमत मोजायला मालक तयार असतो' या छापखानासाहेबांच्या वाक्याला आपल्या मुंबईतूनच पुरावा देता येतो. राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये, कार्लसन यांनी ब्रिटिश साम्राज्याचे गोडवे गाताना पडद्यावर आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे चित्र दाखवले आणि विचारले की, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांत भारताने या स्थानकाइतकी सुंदर एक तरी इमारत उभारली आहे काय. उत्तरही त्यांनीच दिले की नाही, एकही नाही. शशी थरूर आणि मार्टिना नवरातिलोवा यांनी त्यांना ट्विटरवर चांगलेच सुनावले.

मी त्या स्थानकातून रोज जात नसलो तरी त्याच्यावर जीव आहे, म्हणून दोन ओळी लिहितो. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा आहे, बांधकाम १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत झाले. परंतु ज्या कोरीव कामासाठी परदेशी पाहुणे मान वर करून उभे राहतात, त्या पाना-फुलांच्या, पशुपक्ष्यांच्या नक्षीत सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. आठ वाजताच्या व्याख्यानात ही माहिती बसत नव्हती, कारण ती बसवली असती तर व्याख्यानच मोडले असते.

मुद्दा असा की, या विधानाबद्दल वाहिनीने ना खेद व्यक्त केला, ना त्यांना जाब विचारल्याचे कुठे दिसले. प्रक्षोभ हाच त्या तासाचा माल होता.

डॅलसकर

सर्वांनी एकाच सुरात गाणे सुरू केले आहे, म्हणून माझा वेगळा सूर लावतो. मी कार्लसन यांचा कार्यक्रम नियमित पाहत असे आणि आजही त्यांच्या मुलाखती ऐकतो. इराक युद्धाला आपण पाठिंबा दिला याची लाज वाटते, असे ते २००४ मध्येच जाहीरपणे म्हणाले होते. जानेवारी २०२० मध्ये इराणचे जनरल सुलेमानी यांना ठार मारण्यात आले, तेव्हा संपूर्ण फॉक्स टाळ्या वाजवत असताना यात अमेरिकेचे हित काय, असे विचारणारे तेच होते. जानेवारी २०१९ मधील त्यांचे एक स्वगत घ्या. बाजारपेठेने कुटुंबे उद्ध्वस्त केली तरी उजव्या पक्षाने बाजाराची पूजा करायची काय, असे त्यांनी श्रीमंत देणगीदारांच्या पक्षाला तोंडावर विचारले. माझ्या माहितीत असे बोलणारा दुसरा कोणी त्या वाहिनीवर नव्हता.

त्यामुळे वेळ मोठी हे मला मान्य नाही. वॉटर्स चांगले करमणूककार आहेत. त्यांना पाहून कोणाचे मत बदलले आहे, असा एक माणूस मला दाखवा.

एडिसनची काकू

डॅलसकर, युद्धाबद्दल ते वेगळे बोलत, हे मान्य. पण आपण दोघेही इथे व्हिसावर आलेली माणसे आहोत. डिसेंबर २०१८ मध्ये स्थलांतरितांमुळे देश अधिक गरीब आणि अधिक घाणेरडा होतो, असे ते म्हणाले, ते ऐकताना तुम्हाला काय वाटले? न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये त्यांच्या अकराशे पन्नास भागांची छाननी केली, तेव्हा चारशेहून अधिक भागांत असे सुचवलेले आढळले की, डेमोक्रॅटिक नेते परके लोक आणून देशाची लोकसंख्याच बदलू पाहत आहेत. ते 'परके लोक' म्हणजे माझी मुले आहेत, जी या देशात जन्मली आणि शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून शपथ म्हणतात.

डॅलसकर

काकू, त्या वाक्याचे समर्थन मी करणार नाही. मला वाटले की ते आपल्याविषयी बोलत नाहीत, दक्षिण सीमेविषयी बोलत आहेत.

एडिसनची काकू

असेच वाटते प्रत्येकाला.

सुपारीचे खांड

अर्णब गोस्वामी यांचा उल्लेख अजून कसा झाला नाही? नोव्हेंबर २०१६ मध्ये ते टाइम्स नाऊमधून बाहेर पडले आणि ६ मे २०१७ रोजी त्यांची रिपब्लिक वाहिनी सुरूही झाली. प्रेक्षक त्यांच्यामागे गेला की नाही? मग धागाकर्त्याचा सिद्धांत तिथेच कोसळतो.

विहंगावलोकन (धागाकर्ता)

तुलना अपेक्षितच होती, पण ती माझ्याच बाजूने जाते. गोस्वामी आणि त्यांच्या भागीदारांनी वाहिनी उभारली. म्हणजे प्रेक्षकाला रिमोटवर दाबण्यासाठी दुसरे बटण मिळाले, ठरलेली रात्रीची वेळ मिळाली. कार्लसन यांना ते मिळाले नाही. त्यांचा करार २०२४ च्या अखेरपर्यंत होता, फॉक्सने तो न मोडता त्यांना केवळ पडद्यावरून काढले आणि पगार चालू ठेवला. त्यामुळे दुसऱ्या वाहिनीची वाट बंद झाली. जून २०२३ मध्ये त्यांनी ट्विटरवर कार्यक्रम सुरू केला, तर फॉक्सच्या वकिलांनी कराराचा भंग होत असल्याची नोटीस धाडली. बोलू न देण्यासाठीही पैसे मोजले जातात, हे या व्यवसायात नवे नाही.

ताळेबंद

आर्थिक बाजूबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. टीव्ही कार्यक्रम जाहिरातींवर चालतो अशी आपली समजूत असते, परंतु अमेरिकेतील केबल बातम्यांच्या धंद्याचा पाया वेगळा आहे. केबल कंपनीचा प्रत्येक ग्राहक दरमहा जे बिल भरतो, त्यातून प्रत्येक वाहिनीला ठरावीक रक्कम मिळते. ग्राहक ती वाहिनी पाहो वा न पाहो, त्याचा याच्याशी संबंध नसतो. फॉक्स न्यूजला मिळणारी रक्कम बातम्यांच्या वाहिन्यांत सर्वांत मोठी आहे. म्हणजे काकूंनी फॉक्स एक मिनिटही लावले नाही, तरी त्यांच्या घरी केबल असेल तर कार्लसन यांच्या पगारात त्यांचा वाटा होता.

यामुळेच जाहिरातदारांचा बहिष्कार कार्लसन यांना काढू शकला नाही. मोठमोठ्या कंपन्या २०१८ पासून त्यांच्या तासातून निघून गेल्या होत्या आणि शंकासुर यांनी उल्लेख केलेल्या त्याच लिंडेल यांची उशांची कंपनी त्यांची मुख्य जाहिरातदार उरली होती. वाहिनीने ते चालवून घेतले, कारण तीस लाख निष्ठावान प्रेक्षक दाखवून केबल कंपन्यांशी दराची घासाघीस करता येत होती. उलट कार्लसन यांच्याआधी आठच्या वेळेला बसणाऱ्या बिल ओ'रायली यांना २०१७ मध्ये बहिष्काराचा फटका बसला. पाच स्त्रियांच्या तक्रारी एक कोटी तीस लाख डॉलर देऊन मिटवल्याची बातमी १ एप्रिलला आली, पन्नासहून अधिक जाहिरातदारांनी पाठ फिरवली आणि १९ एप्रिलला वाहिनीने त्यांना निरोप दिला. अर्थात तिथे लैंगिक छळाचे आरोप होते आणि आदल्याच वर्षी याच कारणाने वाहिनीचे प्रमुख रॉजर एल्स यांना जावे लागले होते, हा फरक विसरून चालणार नाही.

कार्लसन गेल्याच्या दिवशी फॉक्सचा शेअर सुमारे तीन टक्क्यांनी पडला. पहिल्या आठवड्यात आठच्या वेळेचे प्रेक्षक निम्म्याहून कमी झाले आणि न्यूजमॅक्सचे कित्येक पटींनी वाढले. पण केबलच्या बिलातून येणारा पैसा एका आठवड्याने हलत नाही. मर्डॉक पितापुत्रांकडे थांबण्याची ताकद होती आणि ते थांबले.

शंकासुर

ताळेबंद यांचा प्रतिसाद वाचून माझा मूळ आक्षेप बदलतो, पण संपत नाही. पाया जर केबलचे बिल असेल, तर तो दरवर्षी खचतो आहे, कारण तरुण ग्राहक केबल तोडत आहेत. मग आठची वेळ अजून किती वर्षे मोठी राहणार?

वकिलीण

अवांतर नाही, पण सांगायचे राहिले होते. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात, ट्रम्प यांच्याशी आपले संबंध होते असे सांगणाऱ्या मॉडेल करेन मॅकडूगल यांनी कार्लसन यांच्या एका आरोपावरून फॉक्सविरुद्ध लावलेला दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांनी मान्य केलेला फॉक्सचा युक्तिवाद असा की, कार्यक्रमाचा एकंदर सूर पाहता कोणताही वाजवी प्रेक्षक त्यांचे बोलणे अक्षरशः खरे न मानता पुरेशा साशंकतेनेच ऐकतो. स्वतःला खोटेपणाचा आणि बडेजावाचा शपथबद्ध शत्रू म्हणवणाऱ्या माणसाची सुटका त्याच्या मालकाच्या वकिलांनी या युक्तिवादावर करून घेतली.

डॉमिनियनच्या खटल्यात हा बचाव चालला नसता, कारण तिथे मतप्रदर्शन नव्हते, यंत्राविषयीची विधाने होती, जी तपासता येत होती.

जुना छापखाना

डॅलसकर यांच्या मताकडे परत येतो, कारण ते सहज बाजूला सारण्यासारखे नाही. वाहिनी सुटल्यावर कार्लसन यांचे वजन घटले की वाढले? ऑगस्ट २०२३ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांचा पहिला वादविवाद मिलवॉकीत फॉक्सवरच होता. ट्रम्प तिथे गेले नाहीत. नेमक्या त्याच वेळी त्यांची कार्लसन यांनी घेतलेली मुलाखत ट्विटरवर झळकली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मॉस्कोला जाऊन पुतिन यांच्यासमोर दोन तास बसले, ज्यातील पहिला अर्धा तास पुतिन यांनी त्यांना नवव्या शतकापासूनचा रशियाचा इतिहास शिकवला आणि नंतर प्रश्नांना धार नव्हती अशी तक्रारही केली. त्याच वर्षी जुलैमध्ये रिपब्लिकन अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री, ट्रम्प यांच्या आधी, कार्लसन व्यासपीठावर होते. तिथवर पोचण्यासाठी त्यांना फॉक्सची गरज लागली नाही.

मात्र वजन आणि प्रेक्षकसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्विटरवरील त्यांच्या भागांचे आकडे कोटींत सांगितले गेले, पण तिथे बोटाखालून सरकलेली पोस्टही मोजली जाते. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीचा आकडा म्हणजे प्रत्येक मिनिटाला सरासरी किती जण बसून पाहत होते त्याची मोजदाद. या दोन आकड्यांची तुलना करणारे वार्ताहर माझ्या डेस्कवर असते, तर मी बातमी परत पाठवली असती.

डॅलसकर

हे मान्य आहे. तरीही एक प्रसंग सांगतो. जून २०२५ मध्ये इराणवर हल्ल्याची चर्चा तापली असताना त्यांनी सिनेटर टेड क्रूझ यांना विचारले की, ज्या देशाचे सरकार तुम्ही उलथवू पाहता, त्याची लोकसंख्या किती आहे? क्रूझ यांना उत्तर देता आले नाही. ट्रम्प यांनी त्याच सुमारास कार्लसन यांनाच चक्रम ठरवले, पण तो तुकडा माझ्या कार्यालयात उजव्या-डाव्या सगळ्यांनी पाहिला होता. फॉक्सच्या आठच्या कार्यक्रमात तो प्रश्न विचारला गेला असता का?

ओहायोकर

मी एका वृद्धाश्रमात काम करतो. आमच्या दिवाणखान्यातील टीव्हीवर फॉक्स असते, ते कोणी लावले हे आता कोणालाच आठवत नाही. रिमोट हरवू नये म्हणून टेबलाला दोरीने बांधलेला आहे. कार्लसन गेले त्या आठवड्यात दोन आजोबा रागावले, एका आजींनी त्यांना कुठे पाहता येईल असे विचारले. मी माझ्या फोनवर ट्विटर उघडून त्यांना तो पहिला भाग लावून दिला. त्यांनी चार-पाच मिनिटे पाहिले आणि फोन परत देत म्हणाल्या की, पडदा फार लहान आहे. साडेआठला सगळ्यांची औषधे होतात, तोवर त्यांना समोर काहीतरी चालू हवे असते. ते चालू होतेच.

विहंगावलोकन (धागाकर्ता)

ओहायोकर यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला आहे. डॅलसकर यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' असेच द्यावे लागेल. तो प्रश्न फॉक्सवर विचारला गेला नसता, किंवा कार्लसन तिथे असते तर त्यांनी विचारला असता आणि वरून फोन आला असता. म्हणजे वेळेने माणसाला हरवले, पण माणूस वेळेबाहेर अधिक मोकळा झाला, इतपत मी मागे सरकायला तयार आहे. त्या मोकळेपणाचा दुसरा चेहराही पाहावा लागेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी निक फुएंटेस या उघड ज्यूद्वेष्ट्या माणसाला बोलावून सौम्यपणे गप्पा मारल्या, तेव्हा त्यांना थांबवणारा वरून फोन करणारा कोणीच उरलेला नव्हता.

शंकासुर

म्हणजे फॉक्सने बारा-चौदा वर्षे त्यांच्यावर लगाम ठेवला होता, असे आता आपल्याला म्हणायचे आहे? फॉक्सला याबद्दल श्रेय देण्याची वेळ येईल असे मला वाटले नव्हते.

जुना छापखाना

लगाम नव्हता, वेळापत्रक होते. रोज एक तास, जाहिरातींच्या मध्यंतरांसह. त्यात माणूस आपोआप आखडून बसतो. आणि कार्लसन यांना वाहिनी सुटण्याची सवय होती, हेही ध्यानात घ्यावे. ऑक्टोबर २००४ मध्ये विनोदवीर जॉन स्टुअर्ट यांनी सीएनएनवरील 'क्रॉसफायर' या कार्लसन यांच्याच कार्यक्रमात येऊन, तुम्ही देशाचे नुकसान करत आहात असे त्यांना सुनावले. जानेवारी २००५ मध्ये सीएनएनने त्यांचा करार वाढवला नाही. एमएसएनबीसीने त्यांचा कार्यक्रम मार्च २००८ मध्ये बंद केला. फॉक्स ही तिसरी केबल वाहिनी होती. फरक एवढाच की, पहिल्या दोन ठिकाणी प्रेक्षक कमी असताना जावे लागले आणि तिसऱ्या ठिकाणी प्रेक्षक भरपूर असतानाही.

ताळेबंद

शंकासुर यांनी विचारलेला 'किती वर्षे' हा प्रश्न अनुत्तरित आहे. केबलचे ग्राहक घटत आहेत, हे खरे. वाहिन्या उरलेल्या ग्राहकांकडून दर वाढवून घेत आहेत, हेही खरे. हे गणित जोवर जुळते आहे, तोवर आठला कोण बसतो याला मर्यादितच महत्त्व राहील. ज्या दिवशी जुळणार नाही, त्या दिवशी प्रत्येक सूत्रसंचालक आपापली यादी, आपापले वर्गणीदार घेऊन निघेल. कार्लसन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचे वर्गणीचे संकेतस्थळ काढून तेच केले, बेक यांनी तर २०११ मध्येच केले होते. न्यूजमॅक्सला त्या वेळी मिळालेले प्रेक्षकही फुकट नव्हते. त्याच खोट्या दाव्यांपोटी त्यांनी पुढे स्मार्टमॅटिकला चार कोटी आणि डॉमिनियनला सहा कोटी सत्तर लाख डॉलर मोजले.

एडिसनची काकू

वॉटर्स यांच्याबद्दल एक सांगायचे राहिले. ते ओ'रायली यांच्याच कार्यक्रमात साहाय्यक म्हणून घडले, रस्त्यावर लोकांना माइक लावून प्रश्न विचारत. म्हणजे ओ'रायली यांची खुर्ची कार्लसन यांच्याकडून फिरून ओ'रायली यांच्याच शिष्याकडे आली. आमचे शेजारी हल्ली म्हणतात की, वॉटर्स मला पहिल्यापासूनच आवडत होते.

तिरकस

ओ'रायली एप्रिलमध्ये गेले, तेही सुट्टीवर असताना. कार्लसनही एप्रिलमध्येच गेले. वॉटर्स यांनी मार्चअखेर रजेचे सर्व अर्ज मागे घ्यावेत, असा माझा त्यांना फुकटचा सल्ला आहे.